पंच्याऐंशीचा आकडा

आमच्या इमारतीखालच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, मग लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीत घरातले मेलेले सेल. रिमोटचे, टॉर्चचे, पोरांच्या मोटारींचे. एका काकूंनी तर अख्खा वजनकाटा उचलून आणला होता, कारण त्यातला सेल कुठून काढायचा हेच त्यांना कळेना.

समोरच्या टेबलावर एक साधं भिंतीवरचं घड्याळ टेकवून ठेवलं होतं, आणि त्याच्यामागे सेलबाबा उभे होते. पांढरा सदरा, तेल लावून मागे वळवलेले केस. उजव्या तळहातावर रुंद कातडी पट्टा करकचून बांधलेला. तो म्हणे ऊर्जा वाटेत सांडू नये म्हणून.

"कोणाचा सेल मेलाय?"

"माझा! बाबा, माझा!" अख्खा हॉल ओरडला.

शाळेच्या बसचा ड्रायव्हर सगळ्यांत जोरात ओरडला, म्हणून त्याला पुढे बोलावलं. त्याने टॉर्चचं बटण दाबून दाखवलं. उजेड नाही. बाबांनी त्यातला एक सेल काढून मुठीत धरला आणि डोळे मिटले.

"मी सेल भरत नाही," ते म्हणाले. "भरायला मी काय पेट्रोल पंप आहे? मी फक्त त्याला आठवण करून देतो, की बाळा, तू कोण होतास!"

सेल घड्याळात गेला. टिक. टिक. टिक. लोकांच्या तोंडून एकदम 'आऽऽ' निघालं. मग बाबांनी पट्ट्याचा हात घड्याळाच्या पाठीमागे नेला आणि म्हणाले, "थांब." सेकंदकाटा थांबला. हात काढून म्हणाले, "चल." काटा चालू लागला. काकूंनी वजनकाटा छातीशी धरून डोळे पुसले.

"बाबा," मी मागून विचारलं, "तोच सेल परत टॉर्चमध्ये घालून दाखवता का?"

बाबा माझ्याकडे बघून मायेने हसले. "टॉर्च म्हणजे झगमगाट, आजोबा. झगमगाट म्हणजे अहंकार. घड्याळ सेवा करतं. जागवलेला सेल सेवेलाच लावायचा असतो."

टाळ्यांनी हॉल दणाणला. मीही हसलो. उत्तर लबाडीचं असलं तरी झकास होतं.

मी एकतीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात तपासनीस होतो. तयार झालेलं घड्याळ किती वीज खातं ते मोजायचं आणि जास्त खाणारं बाजूला काढायचं, एवढंच माझं काम. आता दर रविवारी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत, मुलांना गोळा करतो आणि जुनी यंत्रं उघडून दाखवतो. मुलं मला घड्याळआजोबा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी रविवारच होता. मुलांनी घराघरांतून बारा मेलेले सेल आणले. एकाही सेलावर टॉर्च पेटली नाही. तेच सेल एकेक करून घड्याळात घातले, तर त्यातल्या नऊ सेलांवर घड्याळ चाललं.

"म्हणजे आमच्या अंगातपण बाबा आले?" एकाने विचारलं.

"नाही रे. टाकीत तळाला थोडं पाणी राहिलंय असं समज. नळ सोडलास तर बादली भरेल का?"

"नाही. नुसता घुर्र आवाज येईल."

"पण त्याच टाकीच्या तळाशी एक चिमणी रोज चोच बुडवून गेली तर?"

"तिला महिनाभर पुरेल!"

टॉर्च ही बादली आणि घड्याळ ही चिमणी. टॉर्चचा छोटा दिवा जेवढी वीज एका तासात पितो, तेवढ्या विजेवर भिंतीवरचं घड्याळ दोन महिने सहज चालतं. टॉर्चला मेलेला वाटणारा सेल घड्याळाच्या दृष्टीने चांगला धडधाकट असतो. तेव्हा सेल कोणी उठवला नव्हता. तो मेलेलाच नव्हता.

हे सगळ्यांत आधी पकडलं टाचणीने. नऊ वर्षांची, काडीसारखी पोर. ती तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या आजींची नात. आजी घरी मशीनवर कपडे शिवायच्या, जमिनीवर टाचण्या सांडायच्या आणि नात त्या लोहचुंबकाने गोळा करायची. हे काम आधी आजी स्वतः करायच्या. पण नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, की चुंबक छातीजवळ न्यायचा नाही. चुंबक पुढे नातीच्या हातात आला आणि तिचं नाव टाचणी पडलं.

बाबांचं प्रकरण सेलांवरच थांबलं असतं, तर आम्ही त्यावर वर्षभर हसलो असतो.

त्याच आठवड्यात आजी तपासणीला गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, पेसमेकरची बॅटरी संपत आली आहे, तीन महिन्यांच्या आत बदलू. घाबरण्यासारखं काही नाही, जुन्या जागी छोटी चीर देऊन यंत्र बदलायचं.

"एकदा चिरून घेतलं ते पुरे झालं," आजी घरी येऊन म्हणाल्या. "सेलच बदलायचा आहे ना? मग खाली बाबा काय करतायत?"

आजींचा मुलगा, म्हणजे टाचणीचा बाप, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. हाताने हुशार, पण त्याच्या घरात सेल कधी चटकन बदलला जात नसे. रिमोट चालेनासा झाला की आधी तळहातावर आपटायचा. मग पाठीमागचं झाकण काढून सेल अंगठ्याने गोल फिरवायचे. मग त्यांची जागा अदलाबदल करायची. मग खिडकीत उन्हाला ठेवायचे. अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत, तुमचंही त्यातलंच असेल. त्यात वाईट काही नाही. मात्र एक खोड त्या घराला लागली होती. कुठलंही यंत्र काही न आवडणारं बोललं, की दोष सेलाचा.

पुढच्या शनिवारी आजी हॉलमध्ये पहिल्या खुर्चीत बसल्या. बाबांनी त्यांच्या बोटाला मुलाने घरून आणलेला ऑक्सिमीटर लावला. तो कपड्याच्या चिमट्यासारखा असतो, दोन बारीक सेलांवर चालतो आणि नाडीचे ठोके दाखवतो. आकडा साठ होता. मुलाने तो मोठ्याने वाचला.

बाबांनी पट्ट्याचा तळहात आजींच्या खांद्याखाली, पेसमेकरच्या उंचवट्यावर ठेवला. दोन-तीन ठोके गेले असतील.

"पंच्याऐंशी!" मुलगा ओरडला. "आई, पंच्याऐंशी!"

"मला कळतंय रे! धडधड कळतेय!" आजी रडायलाच लागल्या.

हात काढल्यावर आकडा परत साठावर आला, तर बाबांकडे त्याचंही उत्तर तयार. "तहानलेला माणूस घटाघटा पितो, मग शांत बसतो. आत्ता पोट भरलंय तिचं. दर शनिवारी यायचं."

खरं सांगतो, सेलाची युक्ती मला पहिल्या मिनिटात कळली होती. हा आकडा मात्र कळला नाही. यंत्र माझ्या डोळ्यांसमोर पंच्याऐंशी दाखवत होतं, आणि ते खोटं दाखवत नव्हतं. 'बॅटरी बदलून घ्या' एवढं मी आजींना जिन्यात भेटल्या की म्हणायचो. त्या म्हणायच्या, "तुम्ही आकड्यांची माणसं ना? मग आकडा बघा की!" असे अकरा शनिवार गेले. आजी तेवढ्या काळात बारीक झाल्या, एक मजला चढून थांबायला लागल्या. घरात त्याला 'जास्तीची ऊर्जा पचत नाही' असं म्हणत.

बुधवारी संध्याकाळी टाचणी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. डाव्या गालावर चार बोटं उमटली होती.

"काय झालं गं?"

"शनिवारी आजीच्या झंपरला एक टाचणी राहिली होती. बाबांनी हात काढला तेव्हा ती त्यांच्या पट्ट्याला चिकटून वर गेली. टोचली नव्हती, आजोबा. आडवी चिकटली होती. माझ्या चुंबकाला चिकटते ना, तशीच."

"मग?"

"आज मी घरी सांगितलं. पप्पांनी मारलं. म्हणाले, आजीच्या जिवावर उठलीस का?"

मी कपाळावर हात मारला. काट्याला 'थांब' म्हणणारा हात! घड्याळाच्या आत नखाएवढा चुंबक फिरतो, त्याच्याजवळ जोरदार चुंबक नेला की तो अडकतो. हे मला झोपेतही माहीत होतं, आणि अकरा शनिवार मी त्या पट्ट्याकडे बघत बसलो होतो.

गुरुवारी सकाळी मी आजींच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"पेसमेकरवर चुंबक धरला की तो आपलं नेहमीचं काम सोडून एका ठरलेल्या गतीने ठोके द्यायला लागतो. बॅटरी किती उरली ते आम्ही असंच तपासतो. आकडा किती येतो म्हणालात?"

"पंच्याऐंशी."

"त्यांच्या यंत्राची बॅटरी चांगली असली की शंभर येतो," डॉक्टर म्हणाले. "पंच्याऐंशी म्हणजे 'मी संपत आलोय, मला बदला.' त्या यंत्राला ओरडता येत नाही, ते असंच सांगतं. उद्या घेऊन या त्यांना. परवा नको, उद्या."

दर शनिवारी यंत्र भरल्या हॉलमध्ये 'मी संपतोय' म्हणत होतं, आणि हॉल टाळ्या वाजवत होता.

मी तसाच तिसऱ्या मजल्यावर गेलो. आजी मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होत्या. मी सगळं सांगितलं, चुंबक, शंभर, पंच्याऐंशी. मुलगा मध्येच म्हणाला, "आजोबा, तुम्ही घड्याळं तपासलीत. माणसं नाही."

आजींनी पायडल थांबवलं. त्या भल्या होत्या, हट्टीही होत्या. "असं करा," त्या म्हणाल्या, "परवा शनिवार आहे. सगळ्यांसमोर बाबांचा पट्टा सोडून दाखवा. खोटा निघाला तर रविवारी सकाळी मी तुमच्याबरोबर दवाखान्यात. जबान दिली."

डॉक्टरांनी 'उद्या' म्हटलं होतं. मी तिथे ओरडायला हवं होतं, दारात आडवं पडायला हवं होतं. पण मला ती अट आवडली. माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि स्वतः समजावं, हेच तर मी मुलांना शिकवत आलो. उत्तर सांगायची मला कधी घाई नसते. मी 'बरं' म्हणालो आणि जिना उतरलो. शुक्रवारचा सबंध दिवस मी शनिवारी टेबलावर काय काय मांडायचं याची यादी करण्यात घालवला.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला टाचणी धावत खाली आली.

"आजी मशीनवरून पडली. आकडा चौतीस आहे. पप्पा सेल बदलतायत."

"कसले सेल?"

"बोटाच्या यंत्राचे!"

मी वर पोहोचलो तेव्हा आजींना गादीवर निजवलं होतं. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. मुलगा शेजारी मांडी घालून बसला होता. समोर रिमोट उघडा पडला होता. आधी त्याने ऑक्सिमीटरचे सेल अंगठ्याने फिरवले. चौतीस. मग जागा बदलून घातले. तेहतीस. मग रिमोटचे काढून घातले. तेहतीस. मग बायकोला खाली दुकानात पाठवून नवं पाकीट आणवलं आणि दातांनी फाडलं.

"एकतीस," तो म्हणाला. "हे पाकीटही खराब निघालं. दुकानदाराला सोडणार नाही मी."

"पप्पा, माझ्या बोटाला लावून बघू?" टाचणी म्हणाली.

"मध्ये मध्ये करू नको!"

"अरे, गाडी बोलावली का?" मी ओरडलो.

"बाबांना फोन केलाय. ते म्हणाले, बोटाचं मशीन काढून ठेवा, ते उलटं दाखवतंय. संध्याकाळी येतोच आहे."

पडल्यापासून चाळीस मिनिटं झाली होती. दवाखाना तिथून दहा मिनिटांवर. गाडी मी बोलावली आणि ती आठ मिनिटांत आली. आजी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, स्ट्रेचरवरच गेल्या.

संध्याकाळी बाबा आले नाहीत. त्यांचा निरोप आला, की माउलीने शेवटच्या आठवड्यात मनात शंका आणली. मुलाने तो निरोप ऐकून मान हलवली. शंका कोणी आणली हे त्याला माहीत होतं. त्यानंतर आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

पुढच्या शनिवारी हॉल पुन्हा भरला. थोडी कमी गर्दी असेल असं मला वाटलं होतं. उलट दारात उभं राहायलाही जागा नव्हती. बाबांनी आजींसाठी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि मग म्हणाले, "कोणाचा सेल मेलाय?"

"माझ्या आजीचा," टाचणी म्हणाली.

ती मधल्या वाटेने चालत टेबलापाशी गेली. हातात आजींचा टाचण्यांचा डबा होता. मी आणि डॉक्टर तिच्या मागे होतो, आणि डॉक्टरांनी दोन पोलिसांनाही बरोबर आणलं होतं. बाबांना वाटलं पोर पाया पडणार, त्यांनी आशीर्वादाला पट्ट्याचा हात पुढे केला. टाचणीने त्या हाताखाली डबा धरला आणि झाकण उघडलं.

सरसर आवाज आला आणि सगळ्या टाचण्या उडून तळहाताला लागल्या. बाबांनी हात झटकला, पुन्हा झटकला. एकही खाली पडेना. तळहाताला साळिंदरासारखे काटे फुटले होते, आणि तो माणूस सगळ्यांसमोर हात हलवत उभा होता.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा हॉल हसायला लागला, पंधरा दिवसांपूर्वी त्याच हातासाठी रडणारा हॉल. काकू सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या.

"चुंबक तर पृथ्वीच्या पोटातपण आहे!" बाबा ओरडले.

"पृथ्वी पट्टा बांधून शनिवारी येत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पट्टा सोडला. आतून रुपयाएवढी चकचकीत चकती निघाली. मी ती घड्याळामागे धरली, काटा थांबला. काढली, काटा चालला. मग डॉक्टरांनी शंभर म्हणजे काय आणि पंच्याऐंशी म्हणजे काय ते सांगितलं. हसू थांबलं. बाबांना पोलीस घेऊन गेले, तेव्हा बाहेरच्या दोघांनी तरीही गाडीच्या खिडकीतून आपले सेल पुढे केले.

आणि बसचा ड्रायव्हर मला म्हणाला, "पण आजोबा, घड्याळ तर चाललं होतं ना?"

मी त्याला टाकी, बादली आणि चिमणी समजावत होतो. तेवढ्यात आजींचा मुलगा पुढे आला. त्याच्या हातात तो ऑक्सिमीटर होता.

"मी मानतो," तो म्हणाला. "तो लबाड होता. पण हे मशीनपण खोटं होतं, आजोबा. तुम्ही तपासनीस आहात, सांगा सगळ्यांना. सेल खराब होते. बरोबर आकडा दिसला असता, तर मी तिला उचलून पळालो असतो. पळालो असतो ना मी?"

त्याचे डोळे माझ्याकडून एकच शब्द मागत होते. 'हो' म्हणणं सोपं होतं. सेल उतरला की हे यंत्र विझून जातं, खोटा आकडा सांगत बसत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मला उत्तर सांगायची घाई नसते, आणि त्या वेळी तर मुळीच नव्हती.

टाचणीने बापाच्या हातातून यंत्र घेतलं. पाठीमागचं झाकण काढून बघितलं. त्याने दातांनी फाडलेल्या पाकिटातलेच दोन सेल आत होते. तिने झाकण लावलं आणि चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. लाल उजेड लागला.

"शहाण्णव," ती म्हणाली.

तिने मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवली, मी शिकवलं होतं तशी, आणि टेबलावरच्या घड्याळाकडे बघत पुरं एक मिनिट मोजलं.

"शहाण्णव," ती परत म्हणाली. "सेल चांगले आहेत, पप्पा."

तो खाली बसला. त्याला कोणी धरलं नाही. मीही नाही.

ही गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगतो. काही पालकांना ती फार निष्ठुर वाटते. आहेच. म्हणून सरळ सांगतो. मेलेला सेल चालला असं कोणी म्हटलं, तर तो कशात मेला आणि कशात चालला ते विचारा. हात लावला की काही घडतं असं कोणी दाखवलं, तर हातात काय आहे ते बघा, आणि बघायला लाजू नका. डॉक्टर 'उद्या' म्हणाले तर उद्याच जा. कोणाला पटवून देण्यासाठी शनिवारची वाट बघू नका, माझ्यासारखी. आणि न आवडणारा आकडा दिसला, तर यंत्रावर शंका जरूर घ्या. फक्त सेल काढण्याआधी ते स्वतःच्या बोटाला लावून बघा. त्याला एक मिनिट लागतं.